एकटीपुरता कुकर

भूपाल चौगुले यांनी आयुष्यात दोनच गोष्टींवर डोळे झाकून विश्वास ठेवला. एक आकडा, दुसरी बायको. या दोघांत कधी वाकडं येईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा त्यांनी आधी आकड्याची बाजू घेतली. माणूस वाईट नव्हे हो, सवय वाईट.

तेहतीस वर्षं ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाचा रस नळीत घ्यायचा, साखर मोजायची, वहीत लिहायची. निवृत्त होऊन सांगलीत घर बांधलं आणि दोन वर्षांत ती साखर त्यांच्याच रक्तात निघाली. त्यांचे थोरले बंधू आण्णा आष्ट्याला असतात. त्यांचं उजवं पाऊल याच साखरेपायी कापावं लागलं होतं. त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ठेवला तेव्हा भूपालरावांनी पहिल्यांदा आपल्या पायाकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी दंडाला टिकली लावून घेतली.

टिकली म्हणजे काय, ते सांगायला हवं. २०४० च्या सुमारास ती आली. कपाळावरच्या टिकलीएवढी चकती दंडावर चिकटवायची, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलं. तिच्यामागचं शास्त्र अवघड नाही. मेंदूत एक घड्याळ असतं हे जुनंच ज्ञान, पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळं असतात आणि ती मुख्यतः जेवणाच्या वेळेवर चालतात. जेवल्यावर शरीर आधी त्या जेवणातली साखर वापरतं, मग यकृतातला साठा काढतं. दहा-बारा तासांनी तो आटत आला की चरबीला हात घालतं, आणि त्या चरबीतून कीटोन नावाची द्रव्यं रक्तात उतरतात. पेशींची झाडलोटही याच उपाशी वेळात जोर धरते. आधीच्या पिढीनं सगळ्यांना सरसकट सोळा तासांचा उपास सांगून टाकला होता. काहींना मानवला, काहींना नाही. टिकलीनं दर पाच मिनिटांनी कातडीखालचा द्रव तपासून ज्याच्या त्याच्या यकृताचं घड्याळ वाचलं आणि ज्याची त्याची जेवायची वेळ ठरवून दिली. त्या वेळेला खिडकी म्हणायचे. खिडकी उघडी असली की फोनवर हिरवा रंग, बंद झाली की पिवळा.

भूपालरावांची खिडकी निघाली सकाळी सात ते दुपारी एक. तीन महिन्यांत साखर अशी खाली आली की डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. हे काही थोतांड नव्हतं, यंत्रानं खरोखर काम केलं होतं, आणि म्हणूनच पुढचा घोटाळा झाला.

घोटाळा असा की टिकलीवाल्यांनी 'जोडी' नावाची योजना काढली. नवरा-बायको दोघांनी टिकली लावायची, दोघांचे आलेख शेजारी शेजारी दिसणार. भूपालराव आलेख म्हटलं की विरघळणारा माणूस. त्यांनी बायकोला गळ घातली.

"मला काय झालंय?" त्रिशलाबाई म्हणाल्या. "माझी साखर बरी, बीपी बरं."

"झालं नाही तोवरच लावायची असते. आणि मला सोबत."

सोबत म्हटल्यावर त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांची खिडकी निघाली दुपारी दोन ते रात्री आठ.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. चौगुल्यांचं घर जैन. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, ही सासूच्या सासूपासूनची रीत. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यातली निदान तीस वर्षं हे दोघं संध्याकाळी साडेपाचला समोरासमोर ताट घेऊन बसत आले होते. त्रिशलाबाई मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई. अठ्ठावीस वर्षं गळ्यात शिट्टी, आणि हात असे की भरलेला गॅस सिलिंडर एकट्या उचलून ओट्याखाली सरकवत. साडेपाचच्या ताटावर त्या शाळेतली सगळी भांडणं सांगत, आणि भूपालराव कारखान्यातलं सांगण्यासारखं काही नसल्यामुळे ऐकत. दोघं निवृत्त झाल्यावरही तीच गोष्टींची बैठक चालू राहिली होती.

ती खिडक्यांनी मोडली. एक वाजता भूपालरावांची बंद, दोन वाजता बाईंची उघडी, आणि मध्ये तासाभराची भिंत. सकाळी सातला बाई त्यांना नाचणीची आंबील आणि उसळ द्यायच्या, साडेबाराला भाकरी, भाजी, डाळ, दही.

"तू?" ते पहिले काही दिवस विचारायचे.

"माझी उघडायचीय अजून."

दोन वाजता भूपालराव झोपलेले असायचे. चारला उठायचे तेव्हा ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली. बाई जेवल्या असणार, यात विचारण्यासारखं काय होतं? शिवाय फोन सांगतच होता. बाईंचा फोन रोज सकाळी गोड आवाजात बोलायचा, "शाबास, त्रिशलाताई! काल बावीस तास." कधी तेवीस. एकदा तर चोवीस.

"आमच्या हिला तोड नाही," भूपालराव सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगायचे. "शंभर दिवसांत एकदाही चुकली नाही. कीटोन बघा, एखाद्या तपस्व्यासारखे." आणि घरी येऊन बाईंनाही म्हणायचे, "शाबास हं, त्रिशला." बाई हसायच्या. बरं वाटायचं त्यांना, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी बाईंनी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी त्यांच्यापुढे केली. "एवढं झाकण काढता का?"

अडतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घरातली झाकणं बाई काढायच्या आणि भूपालराव टेबलावर ठेवायचे. त्यांनी झाकण फिरवलं, ते सहज निघालं, आणि आता हे सांगायला जीभ जड होते, पण त्यांना चक्क अभिमान वाटला. साखर उतरल्यावर आपल्या अंगात जोर आला, असं त्यांनी धरलं.

त्याच आठवड्यात बाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या. खाली बसल्या, आणि त्यांना उठता येईना. दोन बायकांनी काखेत हात घालून उभं केलं. घरी येऊन त्या काही बोलल्या नाहीत. भूपालरावांना हे बागेतल्या एकाच्या बायकोकडून कळलं. त्यांनी घरी येऊन सगळ्यात आधी काय केलं, तर बाईंचा आलेख उघडला. सगळं हिरवं. 'उत्कृष्ट', असं खाली लिहिलेलं.

"आकडे तर उत्तम आहेत," ते म्हणाले.

"मग उत्तमच असेल," बाई म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत आत गेल्या. तो भिंतीला लावलेला हात बघून भूपालराव त्यांना घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर रेहाना मुल्ला यांचा दवाखाना जवळच. या रेहाना एके काळी शाळेच्या कबड्डी संघात होत्या, आणि बाईंच्या हाताखाली घामाघूम झालेल्या. त्यांनी बाईंच्या हातात पकडीची ताकद मोजायचं यंत्र दिलं. "दाबा बाई. पूर्ण जोर लावून."

काटा तेरा किलोवर थांबला.

रेहानांनी यंत्र बाईंच्या हातातून काढून घेतलं. "नववीत तुम्ही माझं मनगट पकडून सुटून दाखव म्हणायचात," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस मी प्रयत्न केला होता. बाई, काल दिवसभरात काय काय खाल्लंत? सगळं सांगा."

"दोन वाजता चहा. यांची दुपारची भाकरी उरली होती, ती अर्धी."

"भाजी?"

"संपली होती."

"डाळ?"

"तळाला होती थोडी. मोलकरणीला दिली."

"मग स्वतःसाठी काही करायचं ना. दोन वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत चार तास होते तुमच्याकडे."

बाईंनी रेहानांकडे असं बघितलं, जणू विद्यार्थिनीनं भलताच प्रश्न विचारला. "एकटीसाठी कुठं कुकर लावायचा गं?"

भूपालरावांनी मनात हिशेब मांडायचा प्रयत्न केला. शंभर दिवस, अर्धी भाकरी. पुढचा गुणाकार त्यांना करवेना.

"काका, तुमच्या टिकलीची चूक नाही," रेहाना त्यांना समजावत म्हणाल्या. "ती उपासाची लांबी मोजते. पण उपास सुटताना ताटात काय होतं, ते तिला दिसत नाही. शरीर चरबी वापरतं हे खरं, पण रोज त्याला प्रथिनंही लागतात. डाळ, उसळ, दूध, दाणे, काहीच आलं नाही की ते स्नायू मोडून घेतं. या वयात गेलेला स्नायू परत यायला फार वेळ लागतो. ज्याला खिडकी पाळायचीय त्यानं त्या खिडकीत पोटभर आणि चौरस जेवायलाच हवं, नाहीतर ती नुसती उपासमार. आणि ही उपासमार टिकलीला उत्कृष्ट दिसते."

भूपालरावांना कारखाना आठवला. नवा मुलगा आला की ते त्याला दटावायचे, नुसता रस मोजून पळू नकोस, चिपाडात काय राहिलं तेही बघ. स्वतःच्या घरात त्यांनी शंभर दिवस चिपाडाकडे पाहिलं नव्हतं.

"असंच चाललं तर?" त्यांनी विचारलं.

"तर वर्षभरात खुर्चीतून उठायलाही माणूस लागेल. आणि एकदा पडल्या की खुब्याचं हाड. पुढचं मी सांगत नाही." रेहानांनी बाईंच्या दंडावरची टिकली स्वतःच्या हातानं काढली. "रोज तीन वेळा जेवायचं बाई, तिन्ही वेळा डाळ किंवा दूध ताटात हवं. सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून ऊठबस. आठ आठवड्यांनी मला हा काटा अठराच्या आसपास दिसला पाहिजे."

सकाळचं आणि दुपारचं सोपं होतं, भूपालरावांच्या खिडकीत दोघं बसू लागले. प्रश्न संध्याकाळच्या जेवणाचा होता. पहिल्याच दिवशी साडेपाचला त्यांनी दोन ताटं घेतली.

"तुमची खिडकी?" बाईंनी विचारलं.

"मरू दे खिडकी."

दोन दिवस दोघं जेवले. तिसऱ्या सकाळी भूपालरावांची साखर दोनशे साठ. बाईंनी त्यांचा फोन उचलून बघितला आणि त्यांचं ताट फडताळात ठेवून दिलं.

"माझ्या जेवणासाठी तुमचा पाय नको मला," त्या म्हणाल्या. "आण्णा भावजींची जखम मी धुतलीय. मला माहिती आहे."

"मग तू एकटी नीट जेवशील?"

"जेवीन की."

पण ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बाईंनी डबा उघडला, डाळीत हात घातला, एक मूठ घेतली आणि परत डब्यात सोडली. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि ठेवलं. सारखं काहीतरी पुसत होत्या. शेवटी त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"होत नाही हो," त्या म्हणाल्या. "आईनं कधी स्वतःसाठी केलं नाही, सासूबाईंनी नाही. कुणी खाणारं असलं की माझे हात आपोआप चालतात. एकटीसाठी भूकच लागत नाही. आणि खरं सांगू? तो फोन रोज सकाळी शाबास म्हणायचा ना, ते आवडायचं मला. शाळा सुटल्यापासून मला कोण शाबास म्हणतंय? तुम्हीही म्हणायला लागलात. न जेवल्याबद्दल म्हणायचात."

अडतीस वर्षांतली हिच्या हातची जेवणं भूपालरावांना आठवली, आणि त्यातल्या एकालाही आपण शाबास म्हटल्याचं आठवेना. लाज वाटली त्यांना, अगदी कान गरम होईपर्यंत.

"सरक," ते म्हणाले. "आजपासून साडेपाचचं मी करणार."

आता हे बोलायला सोपं. भूपालरावांना स्वयंपाकातला चहा सोडून ओ की ठो माहीत नव्हतं. पण प्रयोगशाळेतला माणूस, त्यांनी काटा आणला, वही घातली. डाळ साठ ग्रॅम, पाणी एकशे ऐंशी मिलिलिटर, शिट्ट्या तीन. पहिल्या दिवशी मीठ राहिलं. दुसऱ्या दिवशी दोनदा पडलं. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पातळ माडगं केलं ते इतकं घट्ट झालं की बाई म्हणाल्या, "हे प्यायचं की भिंतीला लिंपायचं?" पण प्यायल्या, वाटीभर प्यायल्या.

आणखी एक अडचण. बाईंना समोर कुणी बसल्याशिवाय घास गिळेना, आणि नवरा रिकामं ताट घेऊन समोर बसलेला त्यांना बघवेना. मग भूपालरावांनी उपाय काढला. समोर बसायचं, आपल्या ताटात उद्याची डाळ घ्यायची आणि ती निवडायची. बाई जेवतात, हे खडे काढतात. फोन वाजायचा, "आपली खिडकी बंद आहे. कृपया ताटापासून दूर राहा." भूपालराव फोन पालथा घालायचे.

आणि गोष्टी परत सुरू झाल्या. कोणत्या वर्षी कोणत्या मुलीनं कुणाचं नाक फोडलं, मुख्याध्यापिका मैदानात चिखलात कशा बसल्या. ऐकलेल्याच गोष्टी होत्या सगळ्या. भूपालरावांना आपली भूक त्या वेळात जाणवायची, सहा वाजता पोट ओरडायचं, पण समोरची वाटी रिकामी होताना बघून त्यांचं समाधान व्हायचं. ते आता वहीत एकच आकडा लिहीत, बाईंनी किती वाट्या डाळ खाल्ली.

आठ आठवड्यांनी रेहानांच्या दवाखान्यात काटा सोळावर थांबला.

भूपालरावांचा चेहरा पडला. रेहाना मात्र म्हणाल्या, "आठ आठवड्यांत तीन किलो म्हणजे खूप आहे काका. आणखी दोन महिने असंच चालू ठेवा. एक दिवसही खाडा नको, संध्याकाळचा तर नकोच."

तो खाडा चौथ्याच दिवशी दारात येऊन उभा राहिला. आण्णांच्या पायाला नवं कृत्रिम पाऊल बसवायचं होतं, म्हणून भूपालराव सकाळी आष्ट्याला गेले. तीनच्या बसनं निघायचं, साडेचारला घरी, सगळा हिशेब चोख. बस निघाली, पण अर्ध्या वाटेत बॅटरी उतरली आणि चार्जिंगला पुढे सात गाड्या. भूपालरावांनी फोन लावला. बाईंनी उचलला नाही. पुन्हा लावला. त्यांचा फोन बहुतेक आतल्या खोलीत पडलेला असणार, टिकली निघाल्यापासून त्या फोनला विचारतच नव्हत्या.

पौष महिन्याचे दिवस. सूर्य सव्वासहाला मावळतो. भूपालराव बसच्या खिडकीतून उसाच्या शेंड्यांवर उतरत चाललेल्या उन्हाकडे बघत होते. पाच वाजून गेले तेव्हा बस हलली. एकटीसाठी कुठं कुकर लावायचा, हे वाक्य त्यांच्या कानात सारखं घुमत होतं. आज बाई चहा घेऊन बसणार, सूर्य मावळणार, आणि उद्याच्या सकाळपर्यंत पोटात काही जाणार नाही. एका दिवसानं काय होतं, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पण पहिले शंभर दिवसही एकेक करूनच गेले होते.

स्टँडवरून रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती, तिथं उतरून चालत सुटले. फाटक उघडलं. सहाला पाच कमी. आणि तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

भूपालराव उंबऱ्यातच थांबले. दुसरी झाली, मग तिसरी. मग गॅस बंद केल्याचा खटका. चप्पल काढून ते आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी उभे राहिले. वाफ गेल्यावर त्रिशलाबाईंनी कुकरचं झाकण एका हातानं पिळून काढलं, डाळ वाटीत घेतली, वरून तूप सोडलं. पाटावर बसल्या. पहिला घास घेतला. त्यांना घाई नव्हती आणि त्या दाराकडे बघतही नव्हत्या.

समोरच्या पाटापुढे दुसरं ताट मांडलेलं होतं. त्यात उद्याची तुरीची डाळ काढून ठेवली होती.

"आलात?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "बसा. काल तुमचे दोन खडे राहिले होते. एक दाताखाली आला."

भूपालराव बसले. ताट पुढे ओढलं, पण डाळ नीट दिसेना, म्हणून चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"शाबास, त्रिशला," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"जेवलीस म्हणून."

बाईंनी वाटी पुढे करून त्यात आणखी एक पळी डाळ वाढून घेतली. खिडकीच्या गजांवर अजून बोटभर ऊन होतं, आणि त्यांना शाळेतली एक गोष्ट सांगायची होती.